पिवळ्या रंगाखालची साखळी

कुपवाड एमआयडीसीत माझं छोटं मशिन शॉप आहे. वर्षाच्या तपासणीत आमची जुनी चेन स्लिंग, म्हणजे क्रेनच्या हुकाला जड माल अडकवायची साखळी, बाद झाली. तेव्हाच्या कारखाने कायद्याच्या कलम 29 प्रमाणे ही तपासणी 12 महिन्यांतून एकदा तरी करावीच लागायची. नवी यायला पंधरा दिवस, आणि काम अडलेलं. तेवढ्यात ओळखीतल्या एकानं एका व्यापाऱ्याचं नाव सुचवलं.

माल दिसायला झकास. दोन पायांची, म्हणजे एका कडीतून दोन साखळ्या लोंबणारी, 10 मिमी जाडीची स्लिंग, पिवळाधमक रंग, हुकांना माल निसटू नये म्हणून लॅच, टॅगवर ग्रेड 80 (मजबूत मिश्र पोलादाचा दर्जा) आणि 4.25 टन ही उचलायची मर्यादा. सोबत टेस्ट सर्टिफिकेटची झेरॉक्स. किंमत नवीच्या निम्मी. पक्कं बिल मीच नको म्हणालो, जीएसटी वाचेल म्हणून. ही अक्कल माझीच.

पहिलंच कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, अडीच टनाचं; म्हणजे कागदावर ताकद भरपूर शिल्लक. आमचे क्रेनवाले मामा जुने माणूस. कुठलाही माल आधी वीतभर उचलतात आणि थांबतात. त्या दिवशीही थांबले, वाकून बघितलं आणि ओरडले, "मालक, लांब सरा! कडी लांबलीया!"

एका कडीवरचा रंग पापुद्र्यासारखा सुटला होता. माल खाली घेतला आणि पॉलिश पेपरनं साखळी घासली. ग्रेड 80 च्या साखळीवर ठरावीक अंतरानं 8, 80 किंवा टी असा ठसा कडीतच उठवलेला असतो. इथं तीन मीटरमध्ये एकही नाही. दोन कड्यांना तर वेल्डिंगचा डाग! असल्या साखळीला वेल्डिंग चालतच नाही, उष्णतेनं पोलादाची ताकद जाते. जाडी मोजायचा व्हर्निअर लावला. कड्या एकमेकींत घासतात तिथं जाडी 10 ऐवजी 8.7 मिमी भरली. 10 टक्क्यांहून जास्त झीज म्हणजे साखळी बादच. कडीची आतली लांबी 30 मिमी हवी, ती 34. साध्या लोखंडाची 10 मिमीची साखळी असेल तर एका पायाला सव्वा टनाच्या आसपासच झेपतं, ग्रेड 80 ला 3.15 टन. आमचे पाय 90 अंशांत फाकलेले, म्हणजे प्रत्येकावर पावणेदोन टनांहून जास्त ताण. बरं झालं, खाली कोणी नव्हतं.

मग सर्टिफिकेटवरचा नंबर बनवणाऱ्या कंपनीला कळवला. त्यांच्या नोंदीत तो 8 मिमीच्या एका पायाच्या स्लिंगचा होता. टॅगही कुठून तरी काढून इथं ओवलेला. ही चौकशी मी स्लिंग घेण्याआधी केली असती तर फक्त दहा मिनिटं गेली असती.

व्यापारी म्हणाला, "तुम्ही ओव्हरलोड केली." बिल नाही, तर भांडायचं कशाच्या जोरावर?

दुसऱ्या कुणाच्या गळ्यात पडू नये म्हणून गॅस कटरनं तिचे तुकडे केले आणि भंगारात घातले. भंगारवाला तराजूवर टाकता टाकता हळहळला, "तोडली कशाला शेठ? आख्खी असती तर जास्त दिले असते."