उसाचे बिल, सोने आणि रिझर्व्ह बँकेचा दाखला

उसाचे बिल खात्यावर जमा झाले की बेळगाव भागात चिकोडी-निपाणीपासून खानापूरपर्यंत घरोघरी जुना वाद सुरू होतो: सोने घ्यावे की मुदत ठेव करावी? हल्ली सोन्याच्या बाजूने एक नवा दाखला दिला जातो, तो म्हणजे ‘रिझर्व्ह बँकसुद्धा सोने वाढवते आहे.’ हा दाखला घासून पाहिलेला बरा.

रिझर्व्ह बँक सांभाळते त्या देशाच्या परकीय चलनसाठ्यातील सोन्याचा वाटा मार्च २०२४ अखेर ८.१५ टक्के होता, तो वर्षभरात ११.७० टक्क्यांवर गेला. मात्र त्याच काळात प्रत्यक्ष सोने ८२२.१० टनांवरून ८७९.५८ टनांवर, म्हणजे जेमतेम सात टक्क्यांनी वाढले. बाकीची करामत मुख्यतः भावाची. अमेरिकेच्या साठ्यात सोन्याचा वाटा सत्तर टक्क्यांच्या वर दिसतो, कारण डॉलर तिचेच चलन असल्याने परकीय चलन तिला फारसे बाळगावे लागत नाही. त्यामुळे कोणाची टक्केवारी उचलून आपल्या घराला लावता येत नाही.

साठ्यातील डॉलरच्या रोख्यांवर व्याज मिळते आणि रुपया घसरू लागल्यास ते विकून डॉलर तातडीने बाजारात उतरवता येतात. सोने व्याज देत नाही, परंतु ते कोणाकडून येणे असलेली रक्कमही नसते. २०२२ मध्ये रशियाचा सुमारे ३०० अब्ज डॉलरचा साठा पाश्चात्त्य देशांनी गोठवला, तेव्हा हा फरक साऱ्या जगाला उमगला. शिवाय अडचणीत सोने तारण ठेवता येते. जुलै १९९१ मध्ये ४६.९१ टन सोने परदेशी गहाण ठेवून देशाने सुमारे ४० कोटी डॉलर उभे केले. पेरणीच्या तोंडावर आपल्याकडे पाटल्या सोसायटीत जातात, तसलाच तो व्यवहार.

घरचा हिशेब मात्र एका जागी वेगळा पडतो: रिझर्व्ह बँक घडणावळ मोजत नाही. शहापूरच्या सराफाकडील पावतीत सोन्याच्या किमतीखाली घडणावळ आणि त्याखाली जीएसटी लागतो. तोच दागिना मोडायला नेला की खडे आणि आत भरलेली लाख वजा होऊन काट्यावर जे उरते, तेवढ्याचेच पैसे हाती येतात. ठेवीचेही तसेच बारकाईने पाहावे. सहकारी बँकेतील ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेच्या ठेवीला तो नसतो, आणि आपल्याकडे या दोन्हींच्या पाट्या एकाच गल्लीत दिसतात.

माझ्या मते वर्षभरात लागणारा पैसा, म्हणजे खत-बियाणे आणि मुलांची फी, बँकेतच ठेवावा. त्यातून उरले तर चोख सोन्याचे साधे वळे किंवा नाणे घ्यावे. दागिना लग्न ठरल्यावर.