कार्बोरेटर सफाई: गॅरेजचे २०० रुपये की स्प्रेचा डबा

आधीच सांगून टाकतो, कार्बोरेटर (इंजिनला हवा आणि पेट्रोल मिसळून देणारा भाग) साफ करायच्या स्प्रेच्या डब्याला चार स्टार, घराजवळच्या गॅरेजला एक, आणि दुसऱ्या एका मिस्त्रींना पाच, ज्यांनी कार्बोरेटर साफ करायला चक्क नकार दिला.

घरात दोन गाड्या, बाबांची जुनी स्प्लेंडर आणि माझी पल्सर १५०, दोन्ही कार्बोरेटरवाल्या. (एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम आले आणि बहुतेक बाईकना कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन बसलं, तुमची त्यातली असेल तर हा रिव्ह्यू तुमच्या कामाचा नाही.) स्प्लेंडर पावसाळाभर पार्किंगमध्ये उभी होती आणि हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलला पाणी धरायची सवय, त्यामुळे व्हायचं तेच झालं, चोक ओढला तर चालते, चोक बंद करून सिग्नलला रेस सोडली की बंद. म्हणजे स्लो जेट (रेस न देता गाडी चालू ठेवायला पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची नळी) चोकअप, हे कोणीही सांगेल.

गॅरेजवाला म्हणाला अर्ध्या तासात या, २०० रुपये. गेलो तर गाडी एकदम टकाटक, पण सायलेंट रेसच (अ‍ॅक्सिलरेटर न पिळता उभ्या गाडीची रेस, आयडलिंग) एवढी वाढवलेली की सिग्नलला आजूबाजूचे बघायला लागले. घरी येऊन वाकून बघितलं तर कार्बोरेटरच्या खालच्या वाटीच्या स्क्रूवर जुना तेलकट मळ जसाच्या तसा. अहो स्लो जेट त्या वाटीच्या आत असतो, वाटी खोललीच नाही तर साफ काय केलं? नुसता आयडलिंगचा स्क्रू आवळून २०० रुपये.

मग स्प्रेचा डबा आणला, अडीचशेच्या आसपास पडला आणि त्यात चार-पाच वेळा तरी काम होईल. पेट्रोल कॉक बंद, वाटीतलं पेट्रोल खाली बाटलीत, मग कार्बोरेटर बाहेर. वाटीचे स्क्रू मऊ असतात, नीट बसणारा स्क्रू ड्रायव्हरच घ्या नाहीतर डोकं सपाट होतं आणि मग तुम्ही आणि तो स्क्रू. वाटीत तळाला पांढुरकी बुकटी बसलेली. स्लो जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं, उजेडाकडे धरला तर पलीकडचं काहीच दिसेना, स्प्रे मारला, थोडा वेळ ठेवला, परत मारला, मग पंक्चरवाल्याकडे नेऊन हवा मारून घेतली आणि आरपार दिसलं. तार घालू नका, कितीही मोह झाला तरी, भोक मोठं झालं की अ‍ॅव्हरेज गेलं. मिक्श्चरचा स्क्रू (हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) काढायच्या आधी पूर्ण आवळून किती आटे बसतात ते मोजून लिहून ठेवा, लावताना तेवढेच सोडायचे. आणि स्प्रे रबरावर मारायचा नाही, ओरिंग (रबरी रिंगा) फुगून बसतात, डोळ्यात उडाला तर विचारूच नका, काम गॅलरीत किंवा खाली मोकळ्यावर करा, किचनच्या आसपास अजिबात नाही. डब्याचा एक स्टार कापला तो नळीसाठी, मारता मारता निसटून उडते.

पहिल्यांदा करणाऱ्याचा अर्धा रविवार जातो हे धरून चाला. पण स्प्लेंडर आता पहिल्या किकला, चोकशिवाय.

पल्सरची गोष्ट वेगळी. तिच्या कार्बोरेटरमध्ये वर पातळ रबरी डायफ्राम असतो, बसवताना कडेला चिमटला किंवा फाटला तर पिकअपच जातो, म्हणून तिला मी घरी हात लावला नाही. ती मधेच मिसिंग करायची, रेस आपोआप वरखाली. या दुसऱ्या मिस्त्रींना म्हटलं कार्बोरेटर साफ करून द्या, तर ते म्हणाले थांबा जरा, गाडी चालू ठेवून कार्बोरेटर आणि इंजिनच्या मधल्या रबरावर बाहेरून थोडासा स्प्रे मारला, लगेच रेस बदलली. रबराला चीर, तिथून हवा ओढत होती. कार्बोरेटर कितीही धुतला असता तरी काही फरक पडला नसता. नवीन रबर, मजुरी १५० आणि जुना रबर हातात दिला. असल्या माणसाला मी ३०० पण दिले असते, कारण जेट धुणं मला जमतं, हे ओळखणं नाही जमत.

या मिस्त्रींकडे जाणार असाल तर सकाळी दहाच्या आत जा, नंतर बाहेर गाड्यांची लाइन लागते, आणि गाडी गार असतानाच न्या म्हणजे थंड स्टार्टिंगचा प्रॉब्लेम त्यांना तिथेच दिसतो.