रिंजानीच्या ट्रिपला ५ पैकी ४ स्टार, एक का कापला तेही सांगते

मी आणि माझा मावसभाऊ मे महिन्यात इंडोनेशियात लोंबोक बेटावर रिंजानी चढायला गेलो होतो, त्याचं सगळं प्लॅनिंग सोलापुरातल्या सात रस्त्याजवळच्या या दोन खोल्यांच्या ट्रॅव्हल एजन्सीने केलं म्हणून लिहितेय. रिंजानी म्हणजे ३७२६ मीटर, जिवंत ज्वालामुखी, आणि आपलं कळसूबाई १६४६. सोलापुरात असली ट्रिप कोण करून देणार असं वाटत होतं, जिथं जाऊ तिथं चारधाम नाहीतर दुबई, पण निघाले की इथंच.

सगळ्यात आधी हे सांगायचंय की यांनी पहिल्याच भेटीत आम्हाला नाही म्हटलं. आम्हाला जानेवारीत जायचं होतं, गड्ड्याची जत्रा झाली की लगेच, विमानाची तिकिटं पण स्वस्त दिसत होती. दुसऱ्या शहरातला एक एजंट फोनवर लगेच हो म्हणाला होता, परमिटचं आम्ही बघतो तुम्ही टेन्शन घेऊ नका म्हणे, आणि ॲडव्हान्स मागत होता. इथं या एजन्सीच्या सरांनी शांतपणे समजावलं की जानेवारी ते मार्च पावसामुळे नॅशनल पार्क डोंगर साधारण बंदच ठेवतं, परमिट त्यांच्या ई-रिंजानी ॲपवरून निघतं, प्रत्येक वाटेला रोजचा कोटा असतो, आणि चढताना जशी नोंद होते तशी उतरल्यावर पण करावी लागते. मग तो एजंट कुठलं परमिट बघणार होता? बंद डोंगरावर चोरवाटेने नेलं आणि काही झालं तर शोधायला तरी कोण येणार, तुमचं नावच कुठं नाही. माझा भाऊ तिथंच गप्प झाला.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. सर म्हणाले, "परमिट म्हणजे गेट उघडं आहे एवढंच, डोंगर शांत आहे असं त्यात कुठं लिहिलेलं नसतंय." मग सुमात्रातल्या मारापी ज्वालामुखीचं सांगितलं (मेरापी वेगळा, तो जावामधला). ३ डिसेंबर २०२३ ला मारापी अचानक उसळला तेव्हा वर पंचाहत्तरएक लोक होते, त्यातले २४ जीवानिशी गेले. तिथं धोक्याच्या इशाऱ्याची लेव्हल २ होती आणि ज्वालामुखी खातं कितीतरी वर्षं सांगत होतं की तोंडापासून ३ किलोमीटर लांब राहा, तरी चढाईची बुकिंग चालू होती. जपानच्या ओंताके ज्वालामुखीला तर २०१४ मध्ये सगळ्यात खालची लेव्हल १ असताना स्फोट झाला, मेलेले आणि बेपत्ता मिळून ६३. तिथं आतलं पाणी तापून एकदम वाफ झाली आणि फुटली, लाव्हा वर यायला लागला की जशी आधी चाहूल लागते तशी अशा वेळी लागेलच असं नाही. हे ऐकून मला दोन रात्री नीट झोप लागली नाही, खरं सांगते, पण पैसे घ्यायच्या आधी हे तोंडावर सांगणारा माणूस मिळाला याचं बरं पण वाटलं.

इंडोनेशियात अशा १ ते ४ चढत्या धोक्याच्या लेव्हल आहेत, नॉर्मल, वास्पादा, सियागा, आवास, आणि मॅग्मा इंडोनेशिया नावाच्या सरकारी साईटवर कुणालाही बघता येतात. यांनी ती आमच्या मोबाईलवर सेव्ह करून दिली आणि आमच्यावर विश्वास ठेवू नका रोज स्वतः बघा म्हणाले, शेवटचा महिना आमच्या घरी हवामानाच्या आधी ते बघायची सवय लागली, आई पण विचारायची आज किती नंबर आहे ग. कागदावर पण लिहून दिलं की निघायच्या आधी लेव्हल ३ झाली तर ट्रिप रद्द, त्यांची फी पूर्ण परत, आणि डोंगरावर गाईड म्हणेल ते शेवटचं.

तयारी पण करून घेतली. सोलापूर सपाट, चढ आणायचा कुठून, मग रोज ऑफिसच्या चार मजल्यांचे जिने पाठीवर आठ किलो घेऊन आणि महिन्यातून दोनदा पहाटेची गाडी पकडून पुण्याला जाऊन सिंहगड. डॉक्टरांचं सर्टिफिकेट पण लागतं, ते आधीच काढायला लावलं.

आता एक स्टार का कापला. इन्शुरन्स. यांनी जी पॉलिसी काढून दिली त्यात बारीक अक्षरात ३००० मीटरच्या वर ट्रेकिंग कव्हर नाही असं होतं, आणि ते मला निघायच्या नऊ दिवस आधी दिसलं, तेही रात्री सहज चाळत बसले म्हणून. म्हणजे बरोबर शिखराच्या टप्प्यातच आम्ही उघडे. सरांनी चूक मान्य केली, दुसऱ्या दिवशी दुसरी पॉलिसी काढली पण वरचे पैसे आम्हालाच भरायला लागले. एवढं सगळं तपासणाऱ्या लोकांकडून हे सुटायला नको होतं, मला ते अजून लागतं.

बाकी तिथं सगळं सांगितल्यासारखं. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबई, मग क्वालालंपूर करून लोंबोक. सेंबालुन गावातून चढाई, पहिल्या दिवशी २६३९ मीटरवर कड्यावर तंबू. पोर्टर बांबूच्या कावडीवर सगळं सामान घेऊन स्लीपर घालून चढतात, त्यांना बघून आपली दमल्याची तक्रार तोंडातच राहते. जेवण ते करतात, व्हेज आधी कळवलेलं होतं, तरी कडक भाकरी आणि शेंगा चटणी नेली होती ती गाईडला पण आवडली.

रात्री दोनला शिखरासाठी निघालो. शेवटचा पट्टा सगळा सुट्टा काळा खडीसारखा दगड, दोन पावलं चढलं की एक खाली घसरतं, वर प्रचंड वारा. गाईडने परत फिरायची वेळ आधीच ठरवलेली आणि शिखर दोनेकशे मीटर राहिलं असताना मला म्हणाला, दीदी, वेळ झाली. मी रडले, लपवत नाही. भाऊ दुसऱ्या गाईडबरोबर पुढे होता तो पोचला. मी उतरताना उजाडलं आणि खाली सेगारा अनाक तळं दिसलं, निळं, आणि त्याच्या कडेला बारुजारीचा, म्हणजे रिंजानीच्या आतल्या छोट्या ज्वालामुखीचा, काळा शंकू. २०१६ ला हाच शंकू फुटला तेव्हा डोंगरावर पर्यटक होते, २०१८ च्या भूकंपात दरडी कोसळून शेकडो लोक वर अडकले होते, हे सगळं माहीत असून तिथं बसून बघताना मला परत फिरवणाऱ्या त्या पोराबद्दल राग उरला नाही.

जाणाऱ्यांसाठी, पहिल्या भेटीची फी घेत नाहीत, रविवारी बंद. एप्रिल-मेसाठी निदान सहा महिने आधी जा. पॉलिसी हातात आली की उंचीची ओळ तिथंच बसून शोधा, घरी नेऊन नाही. भाड्याच्या हेडलॅम्पचे सेल पण बदलून घ्या, माझा तीन वाजता मंद झाला होता.