उजवीकडून डावीकडे फिरणारी घडी: नऊ महिने भिंतीवर

माघ पौर्णिमेला गोंदिया जिल्ह्यातल्या कचारगडला गोंड समाजाच्या यात्रेत ही घडी घेतली, साडेतीनशे रुपयांना. तबकडीवर ‘जय सेवा’, म्हणजे गोंडांचा नमस्कार, लिहिलंय. बाराच्या डावीकडे १, उजवीकडे ११, आणि काटे उजवीकडून डावीकडे फिरतात. ‘उलटी आहे का?’ असं विचारलं तर दुकानातले आजोबा शांतपणे म्हणाले, “उलटी नाही बाबू. धरती अशीच फिरते, चंद्र असाच फिरते, आमच्या लग्नातले फेरेही असेच.”

उत्तर ध्रुवाच्या वरून पाहिलं तर पृथ्वी आणि चंद्राबद्दल त्यांचं बोलणं अगदी खरं आहे. मी शाळेत खेळ शिकवतो. ४०० मीटरच्या ट्रॅकवर पोरं रोज याच दिशेने धावतात, आणि इतक्या वर्षांत हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. नेहमीच्या घड्याळाची दिशा आली ती उत्तर गोलार्धातल्या सूर्यघडीच्या सावलीवरून. दक्षिण गोलार्धात ती सावली उलट सरकते, म्हणून बोलिव्हियाने २०१४ मध्ये ला पाझच्या संसद इमारतीवरचं घड्याळ मुद्दाम असंच करून घेतलं. गोंड समाजाची ही घडी मला त्याच्याइतकीच मोलाची वाटते.

आता वापराबद्दल. पहिले तीन आठवडे त्रास होतो. आपण आकडे वाचतच नाही, काट्यांची जागा बघतो. दहा वाजता दोन वाजल्यासारखं दिसतं, पण ती चूक लगेच कळते, सकाळी दोन कुठून वाजतील? खरा धोका सहा आणि बाराच्या आसपास. सहा वाजून पाच मिनिटं झाली की ही घडी सहाला पाच कमी असल्यासारखी दिसते, आणि ते सहज पटतं. त्यापायी माझी सहा-पाचची एसटी दोनदा गेली. आईला मात्र सवय लवकर लागली. ती एकेक आकडा बोटाने मोजत वाचायची. महिन्याभरात चुलीपुढूनच ‘सव्वासात झाले, ऊठ’ म्हणायला लागली. माझं डोकं वळायला पुरते दोन महिने गेले. आता शाळेतलं घड्याळ बघताना क्षणभर थांबावं लागतं.

एक गोष्ट फार आवडली. समोरच्या भिंतीवर आरसा आहे. केस विंचरताना त्यात ही घडी नेहमीच्या घड्याळासारखी दिसते, आकडे तेवढे उलटे.

दिवाळीच्या साफसफाईत खिळा निघाला आणि घडी पडली. काच वाचली, मशीन अडकलं. गावातल्या दुरुस्तीवाल्याने नवं मशीन बसवून दिलं. घरी आणून बारा वाजता लावली, तासाभराने बघतो तर अकरा! मशीन साधं होतं, काटे दुसऱ्या दिशेने चालले होते. परत नेली. त्याने मशीन उघडलं, भिंग डोळ्याला लावलं, चिमट्याने नखाएवढी लोखंडी पत्री उचलली, पालथी केली आणि तशीच बसवली. त्या पत्रीच्या भोकाला दोन बारीक खाचा असतात, मधलं चुंबकाचं चाक कुठल्या बाजूने सुटायचं ते त्या ठरवतात. झाकण लावलं, सेल घातला, आणि सेकंदकाटा डावीकडे निघाला. दोघेही बघतच राहिलो. त्याने पन्नास रुपये घेतले, मी शंभर दिले.

वेळ चोख आहे. पहिला पेन्सिल सेल अजून चालू आहे, तोच नव्या मशीनला लावलाय. चौकट प्लास्टिकची आणि हलकी, ती जरा जाड हवी होती. टिकटिक मोठी आहे, झोपायच्या खोलीत लावू नका. घरात शाळकरी पोरं असतील तर शेजारी एक साधं घड्याळ ठेवा, पण ही दर्शनी भिंतीलाच लावा. आमच्याकडे येणारा प्रत्येक जण तिच्यापुढे थांबतो, आणि मग धरतीच्या फिरण्यावर बोलणं होतं.

येत्या माघात पुन्हा कचारगडला जाणार आहे. आजोबा भेटले तर त्यांच्याकडून दोन जादा मशीन घेईन, आणि एक घडी त्या दुरुस्तीवाल्यासाठी. त्याने तेव्हाच सांगून ठेवलंय.