कीलेस स्पोर्ट्स कारची कुलपं: काय घ्यावं, काय दुकानातच राहू द्यावं

मस्टँग, बीएमडब्ल्यू एम 340 आय, पोर्शे 718, ऑक्टाव्हिया आरएस. खानदेशात अशा गाड्या मोजक्याच, त्यामुळे कोणती गाडी कुणाच्या पोर्चमध्ये उभी असते हे अख्ख्या कॉलनीला पाठ असतं. घरांची रचनाही चोराच्या सोयीची. जळगावात महाबळ घ्या नाहीतर धुळ्यात देवपूर: गेट, गेटला लागून पोर्च, पोर्चला लागून हॉल, आणि हॉलच्या भिंतीवर आतून चाव्या टांगायचं लाकडी स्टँड. गाडी आणि चावी यांच्यात तीन-चार मीटर अंतर आणि मध्ये विटांची भिंत. या गाड्या कीलेस, म्हणजे खिशातली चावी रेडिओ लहरींनी ओळखून दार उघडणाऱ्या आणि बटणाने सुरू होणाऱ्या. ती भिंत या चावीच्या लहरींना फारशी अडवत नाही.

ॲक्सेसरीजच्या दुकानात गेलं की आधी सायरन दाखवतात, मग जीपीएस. स्टिअरिंग लॉक मागितलं तर ‘ते आता कोण लावतं’ असं उत्तर येतं. हा क्रम उलटा आहे. आधी चावी गप्प करायची, मग इंजिन अडवायचं, आणि एवढं करूनही गाडी गेलीच तर शोधायची सोय ठेवायची. पुढची पसंती-नापसंती याच क्रमाने लावली आहे.

दाराच्या हँडलला हात लागला की गाडी साधारण 125 किलोहर्ट्झवर चावीला हाक मारते. ही हाक दीड-दोन मीटरच पोहोचते आणि कंपनीने सगळा भरवसा त्या तोकड्या अंतरावर टाकलेला असतो. चावी 433 मेगाहर्ट्झवर उत्तर देते, ते मात्र बरंच लांब जातं. चोर दोघं असतात. एक जण पेटी घेऊन गाडीच्या दाराशी, दुसरा अँटेना घेऊन हॉलच्या भिंतीशी. गाडीची हाक पहिल्या पेटीतून दुसऱ्या पेटीत आणि तिथून भिंतीपलीकडच्या चावीपर्यंत जाते. कोड फोडायची गरजच पडत नाही. चावी खरी, उत्तर खरं, फक्त अंतर खोटं. झुरिकच्या ईटीएचमधल्या संशोधकांनी 2011 मध्येच आठ कंपन्यांच्या दहा मॉडेलांवर हे करून दाखवलं होतं. शिवाय इंजिन एकदा सुरू झालं की चावी दूर गेली म्हणून ते बंद पडत नाही. चालत्या रस्त्यात गाडी मध्येच बंद पडू नये म्हणून ही सोय मुद्दाम ठेवलेली असते. चोर एकदा सुटला की टाकी संपेपर्यंत सुटला.

चावीचं पाऊच हे सगळ्यात स्वस्त साधन, आणि सगळ्यात जास्त फसवणूकही त्यातच. आत तांबं-निकेलचा मुलामा दिलेलं कापड असतं. नवं असताना बहुतेक पाऊच काम करतात, खरा प्रश्न काही महिन्यांनंतरचा. झाकण रोज त्याच घडीवर दुमडलं जातं, तिथला मुलामा तडकतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. अस्तर दुहेरी आणि झाकण दोनदा दुमडणारं असेल तेच घ्यावं. बऱ्याच पाऊचांना बाहेरून एक जादा खिसा असतो, त्याला अस्तर नसतं. घाईत चावी त्यात सरकवली तर पाऊचचा काही उपयोग नाही. घेताना दुकानासमोरच तपासावं. चावी पाऊचमध्ये घालून ड्रायव्हरच्या दाराला अगदी चिकटून उभं राहायचं आणि हँडल ओढायचं, मग दुसऱ्या बाजूचं दार, मग डिकी. नंतर पाऊच घेऊन सीटवर बसून स्टार्टचं बटण दाबायचं. चारांपैकी एका ठिकाणी जरी गाडीने चावी ओळखली तरी पाऊच परत. हीच तपासणी दर महिन्याला करावी. स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा स्टीलचा डबाही चालतो, पण सगळे डबे चालत नाहीत. झाकण आणि डबा यांच्यात फट राहिली की लहरी निसटतात, म्हणून डब्यालाही तीच परीक्षा. चावी मायक्रोवेव्हमध्ये ठेवायचा सल्ला व्हॉट्सॲपवर फिरतो. घरात कुणी न बघता बटण दाबलं तर चावी जळेल, त्यामुळे तो विचारच नको.

पाऊचवर पैसे घालण्याआधी गाडीचं पुस्तक उघडावं. बऱ्याच नव्या चाव्यांत हालचाल ओळखणारा सेन्सर असतो. चावी काही मिनिटं स्थिर पडून राहिली की ती उत्तर देणं थांबवते. चावी ड्रायव्हरच्या दाराजवळ स्टुलावर दहा मिनिटं न हलवता ठेवून हँडल ओढून पाहिलं की आपली चावी त्यातली आहे का ते कळतं. मर्सिडीजच्या बऱ्याच चाव्यांवर लॉकचं बटण पटकन दोनदा दाबलं की कीलेस बंद होतं. लेक्ससच्या चावीवर लॉक दाबून धरून अनलॉक दोनदा दाबायचं, दिवा चार वेळा लुकलुकतो. काही गाड्यांत स्क्रीनच्या मेनूतूनच कीलेस बंद करता येतं. हे सगळं फुकट आहे आणि दुकानदार हे सांगत नाही. दुसरी चावी वर्षभर कपाटात पडून असते, तिच्यातला सेल काढून ठेवावा. सेल नसतानाही आतली चिप चालते. चावी स्टिअरिंगजवळ किंवा कपहोल्डरमध्ये, पुस्तकात दाखवलेल्या खुणेवर धरली की गाडी सुरू होते. म्हणजे सेल काढलेली चावीसुद्धा कुलूपबंदच हवी.

आता ‘जुनी फॅशन’. स्टिअरिंग लॉकचे बाजारात दोन प्रकार. पहिला सळईचा, स्टिअरिंगच्या कड्यात अडकवायचा. त्यातली कमजोरी सळईत नाही, कड्यात आहे. कड्याच्या आत पातळ धातूचा गाभा आणि वर फोम-लेदर असतं. चोर सळईला हात न लावता कडंच करवतीने कापतो आणि सळई काढून घेतो. तरी ती बिनकामाची नाही, कारण कापाकापीला वेळ लागतो, आवाज होतो आणि काचेतून बघणाऱ्याला ती दिसते. दुसरा प्रकार पूर्ण स्टिअरिंग झाकणारा, थाळीसारखा. विलायतेतलं डिस्कलॉक याच जातीचं: फिरवायला गेलं तर बाहेरचं कवच नुसतं फिरतं, चाकं वळत नाहीत. आमची पसंती यालाच. घेण्याआधी स्टिअरिंगचा बाहेरचा व्यास टेपने मोजावा. स्पोर्ट्स गाड्यांची स्टिअरिंगं बहुधा लहान असतात आणि काहींची खालून सपाट असतात, त्यामुळे सेडानच्या मापाचं कवच डुगडुगतं आणि त्या फटीत पहार शिरते.

इथल्या हवेचा हिशेबही करावा लागतो. भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात 45 अंशांच्या पुढे जातो. बंद गाडीत काचेमागे ठेवलेलं लोखंड हात भाजेल इतकं तापतं, आणि अलकांटाराच्या (मऊ, मखमली कापडाच्या) स्टिअरिंगवर त्याचे डाग उठतात. आतून जाड सुती कापड लावलेलं कवच घ्यावं किंवा आपण लावून घ्यावं. कुलपात तेल सोडू नये. इथली धूळ तेलाला चिकटते आणि दोन उन्हाळ्यांत किल्ली अडकते. ग्राफाइटची पूड वापरावी. गिअर लॉक मात्र अशा बऱ्याच नव्या गाड्यांसाठी बाद. त्यांत गिअर बटणाने किंवा छोट्या खुंटीने बदलतो, यंत्राशी थेट जोडलेला दांडाच नसतो, मग कुलूप अडवणार काय?

काच फोडून आत शिरणाऱ्यांचं लक्ष असतं स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टवर, म्हणजे मेकॅनिक बिघाड तपासायला यंत्र जोडतो त्या सॉकेटवर. तिथे चावी शिकवायचं यंत्र (प्रोग्रामर) जोडलं की अनेक मॉडेलांत काही मिनिटांत कोरी चावी शिकवता येते. त्यावर पोलादी झाकणाचं कुलूप मिळतं. स्वस्त आहे आणि घ्यावंच, पण बसवणाऱ्याने मागची वायरही झाकली आहे ना ते खाली वाकून पाहावं. उघड्या राहिलेल्या वायरवर टोचणी मारून तेच काम होतं. सर्व्हिसला गाडी देताना या कुलपाची किल्ली द्यायला विसरलात तर मेकॅनिक झाकण तोडतो. या गाड्या सर्व्हिसला बहुधा नाशिक, संभाजीनगर किंवा पुण्याला जातात, तेव्हा ती आठवण घरी बसून उपयोगाची नाही.

यापेक्षा चलाख वाट हेडलाइटमधून जाते. गाडीतले कंप्युटर एकमेकांशी कॅन नावाच्या दोन वायरींवरून बोलतात आणि त्या वायरी काही गाड्यांत हेडलाइटपर्यंत येतात. चोर चाकावरचं प्लास्टिक ओढतो, हेडलाइटचं कनेक्टर काढतो आणि ‘चावी बरोबर आहे’ असा खोटा संदेश थेट वायरीवर सोडतो. 2022 मध्ये लंडनमध्ये एक टोयोटा आरएव्ही 4 अशीच गेली, आणि पुढच्या वर्षी अभियंत्यांनी ही युक्ती उलगडून दाखवली. त्यासाठीचं यंत्र ब्लूटूथ स्पीकरच्या खोक्यात लपवलेलं होतं. अशा चोरीत चावीचा संबंधच येत नाही, म्हणून पाऊच कितीही उत्तम असलं तरी इथे निरुपयोगी. सकाळी चाकाजवळचं प्लास्टिक लोंबताना दिसलं किंवा बंपरची एक बाजू सुटलेली दिसली, तर कुत्र्याने ओढलं असेल म्हणून सोडून देऊ नये. अर्धवट राहिलेल्या चोरीची ती खूण असू शकते.

या दोन्ही वाटा एकाच साधनाने अडतात: कॅनवर बसणारा छुपा इमोबिलायझर, म्हणजे इंजिन सुरू होऊ न देणारी पेटी. परदेशात ऑटोवॉच घोस्ट हे त्यातलं गाजलेलं नाव. स्टिअरिंगवरची किंवा दारावरची गाडीचीच बटणं ठरलेल्या क्रमाने दाबली तरच इंजिन सुरू होतं. त्याचा स्वतःचा रेडिओ सिग्नल नसतो, दिवा नसतो. नवी चावी शिकवली तरी तो क्रम माहीत नसेल तर गाडी जागची हलत नाही. सर्व्हिससाठी वेगळी पद्धत असते, त्यामुळे मेकॅनिकला आपला क्रम सांगावा लागत नाही. किंमत भारी आहे, पण या यादीत पैशाला जागणारं साधन हेच.

अडचण बसवणाऱ्याची आहे. जळगाव-धुळ्यात ट्रकच्या वायरिंगमध्ये पारंगत वायरमन भरपूर आहेत, आणि त्यांचा हात चांगला असतो. पण कॅनच्या वायरीवर टेस्ट लॅम्प लावला तर एखादा मॉड्यूल (गाडीतला छोटा कंप्युटर) जळू शकतो, आणि तो महाग असतो. काम देण्याआधी तीन गोष्टी विचाराव्या: याच मॉडेलचा वायरिंग डायग्राम हाताशी आहे का, जोड कसे देणार, आणि इमोबिलायझरची पेटी कुठे ठेवणार. जोड सोल्डर करून किंवा नीट क्रिंप करून, वर कंपनीच्या हार्नेसला असते तशी कापडी टेप हवी. वायरीला नुसती चिमटणारी निळी क्लिप दिसली तर काम थांबवावं. पहिल्या पावसाळ्यात तिच्यात गंज धरतो आणि गाडी मालकालाच सुरू होत नाही. पेटीची जागा ‘नेहमीची’ असेल तर ती चोरालाही नेहमीचीच.

फ्युएल पंपाची वायर तोडून लपवलेलं बटण हा जुना देशी उपाय. जुन्या गाडीत तो छान चालायचा. आताच्या टर्बो गाड्यांत पंपाला स्वतःचा कंट्रोलर असतो. मध्ये रिले घातला की फॉल्ट कोड येतात आणि वॉरंटीवर वाद सुरू होतो. त्यापेक्षा वाईट म्हणजे काही जीपीएसवाले विकतात ते ‘मोबाइलवरून इंजिन बंद’. महामार्गावर शंभरच्या वेगात इंजिन बंद पडलं तर ब्रेकची आणि स्टिअरिंगची मदत जाते, आणि समोरून येणारा निरपराध असतो. असं यंत्र फक्त उभी गाडी पुन्हा सुरू होऊ न देण्यापुरतंच जोडून घ्यावं, नाहीतर नकोच.

जीपीएस मुद्दाम मागे ठेवला आहे, कारण तो चोरी थांबवत नाही. तरीही खानदेशात तो हवा. धुळ्याहून शिरपूरमार्गे पळासनेरला मध्य प्रदेशची हद्द, पश्चिमेला नवापूरला गुजरातची, जळगावहून रावेरमार्गे बुऱ्हाणपूर. दोन-अडीच तासांत गाडी दुसऱ्या राज्यात असते. सातपुड्याच्या कुशीत मोबाइलचं नेटवर्क जागोजागी जातं, म्हणून ट्रॅकर नेटवर्क नसताना नोंदी साठवून नंतर पाठवणारा असावा आणि त्यात स्वतःची बॅटरी असावी. एक वायरीवरचा आणि एक सेलवर चालणारा, असे दोन ठेवले तर चोराने पहिला शोधला तरी दुसरा राहतो. डॅशबोर्डवर चिकटवू नये: उन्हात लिथियमचा सेल फुगतो आणि दुहेरी टेप सुटते. सीटखाली किंवा प्लास्टिकच्या बंपरमागे, आकाशाच्या बाजूला पत्रा येणार नाही असा. एअरटॅगवर विसंबू नये. तो आजूबाजूच्या आयफोनवर चालतो, आणि साक्रीच्या पुढे आडरस्त्याला आयफोन किती भेटतील? शिवाय सोबत अनोळखी टॅग असल्याची सूचना तो चोरालाच देतो.

ट्रॅकरचा एक तोटा कुणी सांगत नाही. समजा तो 20 मिलिअँपिअर ओढतो आणि झोपलेली गाडी स्वतः 40. मिळून दिवसाला जवळपास दीड अँपिअर-अवर. 70 अँपिअर-अवरची बॅटरी असेल तर महिनाभर न हललेली गाडी अर्ध्याहून जास्त रिकामी होते, आणि उन्हाने थकलेली बॅटरी मग स्टार्टच घेत नाही. रविवारीच बाहेर निघणाऱ्या गाडीला भिंतीवरचा बॅटरी मेंटेनर हवाच. वीज गेल्यावर आपोआप पुन्हा सुरू होणारा घ्यावा. काहींना दर वेळी बटण दाबावं लागतं.

जादा सायरन घेऊ नये. मांजर चढली की वाजतो, आणि आठवड्याभरात शेजारी खिडकीही उघडत नाहीत.

विम्याचं मात्र लक्षात ठेवावं. एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेने मान्य केलेल्या चोरीरोधक साधनावर स्वतःच्या नुकसानीच्या प्रीमियममध्ये अडीच टक्के सूट असते, पण कमाल 500 रुपये. तेवढ्यासाठी साधन घेण्यात अर्थ नाही. रिटर्न टू इनव्हॉइस (गाडी गेली तर बिलाची किंमत देणारं जादा विमा-कवच) मात्र घ्यावं, नाहीतर आयडीव्हीएवढेच, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या घटलेल्या किमतीएवढेच पैसे मिळतात. बसवलेला इमोबिलायझर विमा कंपनीला लेखी कळवावा. गाडी गेलीच तर लगेच 112, मग भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 खाली एफआयआर आणि त्याच दिवशी विमा कंपनीला कळवणं. फास्टॅग घाईने बंद करू नका. टोल कापल्याचा मेसेज आला तर गाडी कोणत्या दिशेला गेली ते पोलिसांना सांगता येतं. तपास लागला नाही तर पोलिसांकडून ‘अ’ समरी, म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही असा अहवाल, घ्यावी लागते. क्लेमसाठी विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते. एक चावी हरवलेली असेल तर तशी नोंद चोरीच्या आधीचीच हवी, नंतर केलेली कुणी मानत नाही.