दारातलं मांजर की घरातलं?

आमच्या बेळगावातल्या वडगावच्या घरी दोन मांजरं आहेत, पण मोजताना सासूबाई एकच धरतात. भुरी घरातली. ती दिवाणावर झोपते, तिला वेळेवर लस होते, तिच्या नावाचं कार्डसुद्धा आहे. काळू परड्यातला, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेतला बोका. सकाळ-संध्याकाळ न्हाणीमागे येतो, खातो, आमच्याकडे एकदा बघतो आणि कौलांवरून निघून जातो. तीन वर्षांत त्यानं कुणाला अंगाला हात लावू दिलेला नाही.

तुमच्या मागच्या दारातही या पावसात एखादं मांजर येऊन बसायला लागलं असेल आणि ‘घरात घ्यावं की नुसतं खायला घालावं’ यावर घरात वाद चालू असेल, तर या दोघांचा अनुभव कामाला येईल. विकतच्या पर्शियनचा विचार इथे करत नाही. चपट्या नाकामुळे श्वासाचा त्रास, केस रोज विंचरायचे, मूत्रपिंडाचा आनुवंशिक आजार त्या जातीत बराच. दारात फुकट वाघाची मावशी आलेली असताना त्या भानगडीत कशाला पडा?

आधी ते मांजर कुणाचं आहे ते बघा. मांजरी पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात. मोठी मांजरंही स्वतःच्या सोयीनं तीन-चार घरं धरून असतात. भुरीच्या गळ्यात आम्ही कागदाची एक सैल पट्टी अडकवली होती, ओढली की फाटेल अशी. वर मराठीत लिहिलं, ‘हे मांजर तुमचं आहे का?’ खाली तेच कन्नडात, शेजारच्या अक्कांकडून लिहून घेतलेलं. दुसऱ्या दिवशी पट्टी तशीच परत आली, मागे पेन्सिलीनं उत्तर होतं : ‘नमदल्ल. हाल हाकतीवि.’ म्हणजे आमचं नव्हे, पण दूध घालतो. एवढ्यावर निकाल लागला. डाव्या कानाचं टोक सरळ कापलेलं दिसलं, तर त्या मांजराचं नसबंदीचं ऑपरेशन आधीच झालेलं आहे आणि कुणीतरी त्याच्याकडे लक्ष ठेवून आहे, असं समजा.

आता घरात की दारात? हे तुमच्या मायेपेक्षा मांजराच्या वयावर जास्त ठरतं. दोन ते सात आठवड्यांच्या काळात पिल्लाला माणसाची सवय सगळ्यात सहज लागते. त्या वयात माणूस न पाहिलेलं मोठं मांजर घरात कोंडलं, तर ते महिनोन् महिने कपाटामागेच काढतं. त्याला ती कैद वाटते आणि तुम्हाला ओरखडे मिळतात. ओळखायचं कसं? शेपूट उभी धरून येणारं, तुमच्याकडे बघून सावकाश डोळे मिटणारं मांजर कधीतरी माणसांत राहिलेलं असतं. पोट जमिनीला टेकवून सरकत येणारं आणि तुम्ही आत गेल्यावरच खाणारं मांजर दारातच बरं. भुरी पहिल्या आठवड्यातच सासूबाईंच्या पायात घोटाळायला लागली. काळूचं मन मी वर्षभर बोंबील घालून वळवायला बघितलं, आणि चूक माझीच होती.

दुसरी गोष्ट घराची, आणि ती कुणी बोलत नाही. टिळकवाडीतल्या फ्लॅटला जाळी मारली की मांजर घरातलं होतं. वडगाव-शहापूरच्या कौलारू घराला माळा, सोपा, परडं आणि दर दोन हातांवर एक फट. तिथे ‘पूर्णपणे घरातलं’ मांजर हे बोलण्यापुरतंच. भुरी रात्री आत असते, दिवसा तिची हद्द तीच ठरवते. म्हणून जुन्या घरात राहणाऱ्यांनी घरातलं मांजर घेतलं तरी लस, जंताचं औषध आणि ऑपरेशन यांत बाहेरच्या मांजराइतकंच काटेकोर असावं. भाड्यानं राहत असाल तर आधी मालकाला विचारा. मांजर मालकाच्या नजरेतून लपत नाही, ते त्यांच्याच खिडकीत जाऊन बसतं.

खाण्यात दोघांचा खर्च जवळजवळ सारखा, पण जबाबदारी वेगळी. मांजराच्या शरीराला टॉरिन नावाचं पोषकद्रव्य लागतं आणि ते मांस-मासळीतून येतं. दारातल्या मांजराला तुम्ही दूध-चपाती घातली तरी ते उंदीर, पाली मारून उरलेलं भागवतं. फ्लॅटमधल्या मांजराला तुम्ही द्याल तेवढंच. शाकाहारी घरांनी हे नीट ठरवावं : एक तर मांजराचं तयार खाणं आणा, नाहीतर मांजर घेऊ नका. दहीभातावर ते जगताना दिसेल, पण हळूहळू डोळे आणि हृदय जाईल. आमच्याकडे श्रावणात मासळी बंद असते. पहिल्या वर्षी सासूबाई म्हणाल्या, “तिला कसला श्रावण? तिचं वेगळं शिजवा की.” तेव्हापासून न्हाणीजवळ तिची वेगळी चूल आहे. सुकं बोंबील देत असाल तर दोनदा धुऊन उकळा, मीठ फार असतं. कांदा-लसूण घातलेला रस्सा अजिबात नको. दूध बहुतेक मोठ्या मांजरांना पचत नाही, पोट बिघडतं. पाण्यासाठी खानापूरकडची मातीची परळ घ्या, जड असते, कलंडत नाही.

वडगावसाठी खास एक गोष्ट. शेजारी माग आहेत, उंदीर सुताच्या कांड्या कुरतडतात, म्हणून विणकरांच्या घरी मांजर हवंच असतं. पण तेच सूत मांजराला मारू शकतं. भुरीनं एकदा हातभर रेशीम गिळलं. तोंडाच्या कडेला टोक लोंबत होतं, मी ओढायला हात घातला आणि दीराने मागून धरला. गिळलेला धागा ओढायचा नसतो. आतडं त्यावर गोळा होऊन कापलं जातं. सरळ डॉक्टरकडे न्यायचं. तिथे पहिला प्रश्न आला, “हेसरेनू?” नाव तोवर ठेवलेलंच नव्हतं. रंग बघून ‘भुरी’ सांगितलं, तेच कार्डावर चढलं. मागाच्या घरात कांड्या झाकणाच्या डब्यात जाणार असतील तरच मांजर आत घ्या. नाहीतर उंदीर मारायला ते परड्यातच ठीक. तेव्हाही शेजारी विचारून ठेवा, कारण उंदराचं विष खाल्लेला उंदीर मांजरानं खाल्ला तर विष त्यालाही लागतं.

ऑपरेशनवर मात्र मी जरा हट्टानं बोलणार. नुसतं खायला घालणं हा सगळ्यात स्वस्त पर्याय वाटतो, आणि ऑपरेशन न करता तोच सगळ्यात महाग पडतो. मांजरी चार-पाच महिन्यांतच गाभण राहू शकते, साधारण 63 ते 65 दिवसांत विते, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाही पुन्हा गाभण राहते. तुमच्या दूधभातावर पुढच्या पावसाळ्यापर्यंत माळ्यावर डझनभर पिल्लं, आणि मग कुणीतरी पोतं काढतं. पोत्यात घालून लांब सोडणं ही आपल्याकडची जुनी रीत. पण भुकेनं मरायला प्राणी सोडणं 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे, आणि मांजर तर बऱ्याचदा परत येतंच.

यात घरातलं मांजर सोपं. पिशवीत घातलं, नेलं, आणलं. काळूसाठी प्राण्यांचं काम करणाऱ्या पोरांकडून सापळ्याचा पिंजरा आणावा लागला. आदल्या दिवसापासून खाणं बंद, पिंजऱ्यात बांगड्याचं डोकं. पहाटे पाच वाजता धाडकन दार पडलं आणि अख्ख्या गल्लीला कळलं. बोक्याला दुसऱ्या दिवशी सोडता येतं. मांजरी असेल तर पोटावर टाके असतात, काही दिवस न्हाणीत ठेवायची तयारी हवी. ऑपरेशननंतर काळूच्या मारामाऱ्या आणि दारावर मुतणं, दोन्ही कमी झालं.

रोगांचं बोलायचं तर लोक घरातल्या मांजराला घाबरतात, आणि खरं जास्त लक्ष दारातल्याकडे हवं. भुरीला रेबीजची लस आहे, काळूला ती ऑपरेशनच्या दिवशी एकदाच मिळाली. कुठल्याही मांजरानं चावलं किंवा ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना. हळद, चुना नाही. घरात गरोदर बाई असेल तर मांजर हाकलायची गरज नसते. विष्ठेतला टॉक्सोप्लाझ्मा, हा पोटातल्या बाळाला घातक सूक्ष्म परजीवी, लागण करण्याजोगा व्हायला निदान एक दिवस लागतो, म्हणून भुशाचं घमेलं रोज, आणि दुसऱ्या कुणीतरी, साफ करायचं. उलट परड्यातलं मांजर मेथीच्या वाफ्यात उकरतं, ते कुणी साफ करत नाही. ती भाजी नीट धुवा, मातीत हात घालताना हातमोजे घाला.

तेव्हा माझा कौल असा : माणसाळलेलं मांजर किंवा दोन-तीन महिन्यांचं पिल्लू असेल, खाण्याची सोय होणार असेल, तर घरात घ्या. रानटी मोठं असेल तर ऑपरेशन करून दारात ठेवा, आणि रोज ठरल्या वेळी घाला. ऑपरेशन जमणार नसेल तर आज घालायला सुरुवात करू नका.

आणि घेणार असाल तर गणपती-दिवाळीच्या तोंडावर आणू नका. विसर्जनाच्या रात्रीचे ढोल आणि नंतरचे फटाके यांत नवं मांजर दार उघडं दिसताच पळतं आणि परतीची वाट त्याला ठाऊक नसते. आषाढात आणलेलं भाद्रपदापर्यंत घर ओळखतं. पहिले आठ-दहा दिवस एकच खोली द्या, दिवाणाखालून ओढून काढू नका. भुरी चौथ्या रात्री आपणहून बाहेर आली आणि सासूबाईंच्या गोधडीत शिरली, ती अजून तिथेच झोपते.