'नवी कोरी' डिस्क अ‍ॅरे घेताय? रक्कम देण्याआधी हे तपासा

एका विक्रेत्याकडून आम्ही 24 डिस्कची रॅकमध्ये बसणारी स्टोरेज अ‍ॅरे घेतली. शेल्फ, म्हणजे डिस्क बसवायची पेटी, वापरलेलं, पण डिस्क नव्या, आणि पॉवर सप्लाय दोन, म्हणजे एक बंद पडला तरी दुसऱ्यावर काम चालू राहणार, असं कोटेशनमध्ये स्पष्ट लिहिलं होतं. दोन्ही गोष्टी खोट्या निघाल्या, आणि त्याही जाणूनबुजून केलेल्या.

आधी पॉवर सप्लायचं सांगतो. विक्रेत्याचा माणूस आला, शेल्फ रॅकमध्ये बसवलं, चालू केलं. दोन्ही सप्लायचे पंखे फिरत होते. एकावर पिवळा दिवा होता. विचारलं तर म्हणाला, "फर्मवेअरचा जुना दोष आहे, सगळ्यांकडे दिसतो, लक्ष देऊ नका." तो गेल्यावर आम्ही दोन्ही केबल दोन वेगळ्या पीडीयूंवर (रॅकमध्ये वीज वाटणाऱ्या पट्ट्यांवर) घेतल्या आणि चांगल्या सप्लायची केबल ओढून पाहिली. अख्खं शेल्फ क्षणात बंद! पिवळ्या दिव्याचा सप्लाय मेलेलाच होता. अनेक शेल्फमध्ये सप्लायच्या पंख्याला मिडप्लेनमधून (शेल्फचे भाग जोडणाऱ्या आतल्या सर्किट बोर्डातून), म्हणजे शेजारच्या सप्लायकडूनही वीज मिळते, त्यामुळे सप्लाय मेला तरी पंखा फिरतो. मॉड्यूल बाहेर काढलं तर नव्या स्टिकरखाली जुनं स्टिकर, आणि त्यावर मार्करने मारलेली फुली. हा सप्लाय बाद आहे हे कुणाला तरी नक्की ठाऊक होतं.

म्हणून पंखा आणि दिवे पाहून समाधान मानू नका. सगळ्या डिस्क घालून, एका वेळी एकाच सप्लायवर शेल्फ बंद अवस्थेतून चालू करून पाहा, मग दुसऱ्यावर. खरा भार सुरुवातीलाच येतो. साडेतीन इंची डिस्क फिरायला लागताना 20 ते 25 वॅट घेते, नंतर 10 च्या आत येते. म्हणूनच बरीच शेल्फं डिस्क टप्प्याटप्प्याने चालू करतात. कमजोर सप्लाय इथेच उघडा पडतो. आधी शेल्फ चालू करायचं, सगळ्या डिस्क तयार झाल्या की मग सर्व्हर. क्रम उलटला तर चांगल्या डिस्कही गायब दिसतात आणि विक्रेत्याला तेवढंच निमित्त मिळतं.

डिस्कच्या बाबतीत तर लबाडी आणखी सफाईदार होती. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते त्या 'स्मार्ट' अहवालात चालू तास जवळपास शून्य, लेबलं चकचकीत. पण कनेक्टरच्या सोनेरी पट्ट्यांवर ओरखडे होते. डिस्क सीगेटच्या होत्या. त्यांत 'फार्म' नावाची वापराची वेगळी नोंद असते आणि नेहमीचे स्मार्ट आकडे शून्यावर आणले तरी ती तशीच राहू शकते. स्मार्टसीटीएल या डिस्क तपासायच्या प्रोग्रामच्या 7.4 आवृत्तीपासून ती वाचता येते. आमच्या डिस्कवर तिथे 20 हजारांहून जास्त तास निघाले, म्हणजे दोन वर्षांपेक्षा जास्त अखंड वापर. 2025 च्या सुरुवातीला नव्या म्हणून विकलेल्या जुन्या सीगेट डिस्कचं जे प्रकरण गाजलं, तेही याच नोंदीमुळे उघडकीला आलं. लेबलावरचा सिरीयल नंबर आणि डिस्क स्वतः सांगते तो नंबर, हेही जुळवून बघा.

तक्रार केल्यावर नेहमीची टोलवाटोलवी सुरू झाली. तुमच्याकडची वीज खराब, सील फोडलं, आता माल परत घेता येणार नाही. केबल ओढतानाचा व्हिडिओ आणि सिरीयल नंबरसकट फार्मच्या नोंदी समोर ठेवल्यावर डिस्कचे पैसे परत मिळाले. सप्लायचे अजून मिळायचे आहेत. तुम्ही घेणार असाल तर 'प्रत्येक सप्लायवर स्वतंत्रपणे चालणारी' आणि 'फार्म नोंदीनुसार न वापरलेल्या डिस्क' हे शब्द ऑर्डरमध्येच घाला आणि तपासणी होईपर्यंत शेवटचा हप्ता हातात ठेवा.

आम्ही परत केलेल्यांपैकी काही डिस्क त्याच विक्रेत्याच्या नव्या जाहिरातीतल्या फोटोंत दिसल्या. सिरीयल नंबर तेच, आणि वर्णनही तेच: न वापरलेल्या.